आंघोळीला येणारे खासदार

आप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते आमच्या मोरीत होते. दौंडला रुळांच्या पलीकडे आमची वस्ती. दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी आले, तर गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी, गाडीपाशी कंटाळलेला एक पोलीस, आणि घरामागच्या पत्र्यावर कुणा परक्या पुरुषाचा सदरा-पायजमा टाकलेला. साडीच्या आडोशामागून अंगावर तांब्या ओतल्याचा आवाज येत होता. सासूबाई चुलीपाशी बसून निवांत चहाचं आधण ठेवत होत्या.

"खासदार हायेत," त्या म्हणाल्या. "आंघोळ करू का म्हनले. म्हनलं, करा. बघू तरी."

त्या 'बघू तरी'मध्ये पुष्कळ काही होतं. आम्ही बौद्ध. सासूबाईंच्या सासऱ्यांना गावी असताना पाटलांच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. वरून कुणी ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. आणि आप्पा म्हणजे शिरूर तालुक्यातले बागाईतदार, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी. असा माणूस आमच्या हंड्यातलं पाणी आपल्या डोक्यावर ओतून घेतो, हे सासूबाईंना डोळ्यांनी बघायचं होतं.

आप्पा बाहेर आले ते ओल्या केसांनी, सदऱ्याची बटणं लावत. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर लगेच 'बाई' म्हणू लागले. "बाई, मालगाडी हितं रोज उभी ऱ्हाती का? गार्ड टक लावून बघत व्हता. मी गडीमानूस, मलाच लाजल्यावानी झालं. तुमचं कसं हुतंय?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. निवडून आलेली माणसं वस्तीत येत, हात जोडत, फोटो काढत, एखादं पोर कडेवर घेत. मोरीत कुणी जात नसे.

त्याच आठवड्यात आमच्या चाळीस घरांच्या दारांवर जागा खाली करायच्या नोटिसा लागल्या होत्या. जागा रेल्वेची, घरं आमची. सासरे रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रुळांची राखण करणारे. हयातभर त्यांनी खडी टाकली, आणि रजेच्या दिवशी विटेवर वीट ठेवून या दोन खोल्या उभ्या केल्या. ते गेले, मागे आम्ही आणि ही दोन खोल्यांची मिळकत. नोटिशीत आम्हाला 'अतिक्रमणधारक' म्हटलं होतं. सासूबाईंना तो शब्द वाचून दाखवायचा मी टाळला, पण शेजारच्या पोरानं दाखवलाच.

आंघोळीचा हा नाद आप्पांना फार जुना होता. गाडीत पंचा, साबण आणि एक जादा सदरा कायम. जिथल्या घरांची तक्रार येईल तिथे जाऊन आंघोळ करायची. सणसवाडीला एका चाळीत पंधरा खोल्यांना एक न्हाणीघर होतं. तिथे कंपनीतल्या पोरांच्या रांगेत हे बादली घेऊन उभे राहिले. मागच्या बिहारी पोरानं ओळखलं नाही, म्हणाला, "चाचा, जल्दी निपटाना, मेरी शिफ्ट है." आप्पांनी खरोखर दोन तांब्यांत आटोपलं. शिक्रापूरला एका घरी आंघोळ करून बाहेर येतात तो मोरीचं पाणी दारातून पुन्हा घरात. आणि एकदा एका बड्या साहेबांच्या बंगल्यावरही त्यांनी गाडीतून पंचा मागवून आंघोळ केली. बाहेर येऊन म्हणाले, "सायेब, तुमच्याकडं तर गरम पानी सुदीक वाट बघत हुबं हाय. म्हंजी पानी हाय तालुक्यात. पत्ता तेवढा चुकतोय त्याचा." साहेब हसले. हसण्यावाचून इलाज नव्हता.

"कागद खोटं बोलंल, पुढारी तर बोलतोच," आप्पा म्हणायचे. "मोरी खोटं बोलत न्हाई."

मी त्यांची भाषणं लिहू लागले ती अशीच, चहा पिता पिता. संसदेत आपल्या मतदारसंघाचं गाऱ्हाणं मांडायला मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं. मी चार पानं लिहायची, आणि ते ओट्यावर बसून घड्याळ लावून मोठ्यानं वाचायचे. "बाई, ह्ये 'तद्वतच' काढा. त्याच्यात अर्धं घर जातंय." मला राग यायचा. शब्द काढल्यावर वाक्य सुधारलेलं असायचं, त्याचा आणखी राग यायचा. भाषण मराठीत, कारण ते म्हणायचे की हिंदीत आपल्याला खोटंच बोलता येतं.

आमच्या घरांवर ते पहिल्यांदा बोलले तो दिवस मला आजही नको वाटतो. माझा कागद त्यांनी निम्मा वाचला. समोर कुणी वर बघेना, तेव्हा तो खाली ठेवला आणि आपल्या भाषेत सुरू झाले. दौंडच्या पार्वताबाई, वय सत्तर, आजही दिवस उजाडायच्या आत साडीच्या आडोशाला आंघोळ करतात. मालगाडी थांबली की अंगावर पाणी तसंच ठेवून खाली बसून राहतात, गाडी हलेपर्यंत. समोरच्या माना वर झाल्या. घंटा वाजली तरी ते बोलत होते.

पार्वताबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

तासाभरात ते बोलणं दौंडातल्या प्रत्येक मोबाईलवर होतं. भाजीवाली म्हणाली, "मावशी, तुमचं नाव दिल्लीत गाजलं." सासूबाई भाजी न घेता परत आल्या, आणि त्या दिवसापासून आठ दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. गाडी हलेपर्यंत खाली बसून राहण्याचं मीच आप्पांना सांगितलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याशी त्या बोलत होत्या, पण मीठ-मिरचीपुरतं.

अधिवेशन संपल्यावर आप्पा आले. मोठ्या उमेदीनं आले होते बिचारे. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"घर मागायचं व्हतं तर घर मागायचं, आप्पा. माझं उघडं अंग कशाला मांडलं साऱ्या देशापुढं? तुमच्या आईचं मांडलं असतं का?"

मला वाटलं, आता हे समजावतील. त्यामुळे सगळे कसे ऐकू लागले, पेपरात कसं आलं, ते सांगतील. पुढारी माणूस, शब्दांना काय तोटा! पण आप्पांचा चेहरा उतरला. "न्हाई मांडलं असतं," ते म्हणाले. "चुकलो, पार्वताबाई." आणि चप्पल पायातून न काढताच गल्लीतून परत गेले. भाषणाच्या नोंदीतून सासूबाईंचं नाव काढून टाका म्हणून त्यांनी दिल्लीला अर्ज केल्याचं मला नंतर कळलं. नोंद झाली ती झाली, असं उत्तर आलं. घरांबद्दलचंही उत्तर आलं: जागा रेल्वेला आवश्यक आहे, कारवाई नियमानुसार होईल. म्हणजे अब्रूही गेली आणि घरही राहीना.

वर्षभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. नोटिशीची मुदत मात्र दर वेळी कुणीतरी पुढे ढकलत होतं. ते कुणीतरी कोण, हे मला माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत असावं, पण त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

मग त्यांचं शेवटचं अधिवेशन आलं. पुढचं तिकीट मिळणार नाही ही बातमी सगळीकडे झाली होती, तब्येतही उतरली होती. या वेळी गाडी लांब उभी करून ते पायी आले आणि अंगणाच्या कडेला थांबले. "पार्वताबाई, एक डाव आजून मांडायचं म्हंतोय. तुम्ही व्हय म्हनला तर. आन् तुम्ही सांगाल तेवढंच."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "बसा ओट्यावर." आत या म्हणाल्या नाहीत. मला चहा करायला सांगितला, आणि चहा झाल्यावर म्हणाल्या, "लिही गं. मी सांगते."

त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं उतरवलं. "आमच्या मालकानं ह्या रुळाखालची खडी तीस वर्सं बसवली. त्येंच्या खडीवरनं तुमच्या गाड्या दिल्लीला जात्यात. आमी दान मागत न्हाई. गाडीला जेवढी जागा लागती तेवढी घ्या, आमी सरकून बसू. पन सरकून बसायला तरी जागा ठेवा. माझं नाव लिव्हा. गँगमनची बायकू म्हनून लिव्हा."

आप्पांना नेहमी काहीतरी काढायचं असायचं. मी पेन्सिल घेऊन थांबले. ते म्हणाले, "ह्याच्यातलं काय काढायचं, बाई? ह्ये असंच ऱ्हाऊ द्या." कागदाची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

त्या दिवशी सासूबाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून मोबाईलसमोर बसल्या. निम्मी वस्ती घरात. सभागृहात कशावरून तरी गोंधळ सुरू होता, फलक फडकत होते, आणि अध्यक्षांनी कामकाज थांबवलं. आम्ही वाट पाहिली. पडद्यावर रिकामी बाकं दिसत राहिली. संध्याकाळी आप्पांचा फोन आला. आवाज पार बसला होता. "पार्वताबाई, बोलूच दिलं न्हाई वो. कागद तेवढा टेबलावर ठिवलाय. आता सरकारला लेखी उत्तर द्यावं लागंल. पन माझ्या तोंडानं म्हनायचं राह्यलं."

"ठिवला न्हवं? मंग बास झालं," सासूबाई म्हणाल्या. आणखी काही बोलायचं असल्यासारखा त्यांनी फोन कानाशी धरून ठेवला. तोवर तिकडून बंद झाला होता.

तिकीट गेलं, गाडी गेली, पोलीस गेला. हिवाळ्यात आप्पाही गेले. आम्ही दोघी त्यांच्या गावी दहाव्याला गेलो. सणसवाडीची कंपनीतली पोरं एक टेम्पो करून आली होती. भाषणं बरीच झाली, सगळी लांब. मला एकसारखं वाटत होतं की आप्पा असते तर यातलं अर्धं काढलं असतं. कुणाच्याही वाक्यात आता मला 'तद्वतच' दिसलं की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. चार पानं लिहावीत आणि कुणीतरी हक्कानं त्यांचं एक करून द्यावं, याची एवढी भूक लागेल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी त्यांची सून एसटीनं दौंडला आली. घरी एक सरकारी पाकीट आलं होतं, आप्पांच्या नावाचं. आत दीड पान. सदस्यांनी सभापटलावर ठेवलेल्या विषयाच्या अनुषंगाने मोजणी करण्यात आली असून, रुळांपासूनच्या सुरक्षित अंतरापलीकडील जागा तेथील चाळीस कुटुंबांच्या घरांसाठी राज्य शासनाकडे सोपवण्यास हरकत नाही. मी ते दारातच उभी राहून वाचलं. मग सासूबाईंना सोप्या मराठीत सांगितलं: "आत्या, बारा हात मागं सरकायचं. घरं राहिली."

गल्लीत कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळीच ओरडू लागली. शेजारणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आप्पांची सून पायरीखाली चप्पल घालून उभी होती. परतीची एसटी गाठायची होती तिला. सासूबाई खाली उतरल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"आत चल, बाय."

"नको मावशी, गाडी चुकंल."

"चुकू दे." सासूबाईंनी मनगट सोडलं नाही. "तुझ्या सासऱ्याला मी शेवटच्या डावाला हितं ओट्यावर बसवला. म्हनलं, घर व्हईल तवा आत घीन, मानानं घीन. आता घर झालं गं. आन् आत कुनाला घिऊ?"

पोरीनं चप्पल काढली. आत आल्यावर कुठे बसावं ते तिला कळेना, आणि सासूबाई काही सांगतील म्हणून मी पाहिलं, तर त्या अजून बाहेर ओट्यापाशीच उभ्या होत्या.