मशीन चालू असेपर्यंत

कपडे धुण्याच्या जुन्या मशिनांचं वेड कुणाला लागतं का हो? लागतं. आमच्या थोरलीला लागलं होतं.

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. तिला नावाने हाक मारणारं कुणी घरात उरलंच नव्हतं. राहायला दोघंच, ती आणि तिचे सासरे, आप्पा. नवरा लांब, तेल शुद्ध करायच्या कारखान्यात नोकरीला. वर्षातून एकदा यायचा, दहा दिवस राहायचा, त्यातले चार झोपून काढायचा. धाकटा दीर याच शहरात होता. महिन्या-दोन महिन्यांनी तो बायकोला घेऊन यायचा, फळं ठेवायचा, चहा प्यायचा आणि निघताना म्हणायचा, "वहिनी, तुमच्यावाचून आप्पांचं पान हलत नाही." असं कौतुक मोठं वाईट. शिवी दिली तर माणूस उलटून बोलेल तरी, कौतुकाला काय बोलणार!

लग्नानंतर दीड वर्ष ती नवऱ्याजवळ राहिली होती, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. मग आप्पा जिन्यावरून पडले. "दोन महिने जा, त्यांचा पाय बरा झाला की ये," असं सांगून नवऱ्याने तिला इकडे पाठवलं. त्या दोन महिन्यांची आठ वर्षं झाली. हाड केव्हाच जुळलं असं डॉक्टर म्हणत होते, पण आप्पांचा उजवा पाय काही उचलत नव्हता. पलंगापासून संडासापर्यंत जायचं तेही थोरलीच्या खांद्यावर भार टाकून, आणि वाटेत तीनदा "आई गं" म्हणून. रविवारी फोन आला की नवरा म्हणायचा, "आप्पा जरा हिंडूफिरू लागू देत, मग तुला घेऊनच जातो." ती रोज सकाळी आप्पांच्या पायाला तेल लावायची, व्यायाम करून घ्यायची, आणि पाऊल एवढंसं हललं तरी हरखून जायची. तिचा सगळा संसारच त्या एका पायावर उभा होता म्हणा ना.

मशिनं आली ती अशी. शेजारणीने जुनं दोन टबांचं मशीन भंगारात काढलं आणि थोरलीने ते मागून घेतलं. पट्टा तुटला होता, एवढंच. तिने तो बदलला आणि मशीन घुरघुरायला लागलं. त्या दिवशी तिला काय आनंद झाला! आठ वर्षांत घरातली एक तरी गोष्ट बरी झाली होती. मग पिळायचे रबरी रूळ डोक्यावर असलेलं एक आलं. मग गोल काचेचं आलं, जाड पत्र्याचं, सायीच्या रंगाचं, फिरवायचं बटण मुठीएवढं. ते लावलं की आत टिकटिक टिकटिक सुरू व्हायचं. आजकालची मशिनं नुसती गाणी म्हणतात आणि चार वर्षांत मरतात, असं तिचं मत होतं. काचेसमोर पाटावर बसून ती आतले कपडे वर जाताना, खाली पडताना बघत बसायची. जावेने एकदा विचारलं, "अहो, यात बघायचं काय?" थोरली म्हणाली, "निदान ते फिरतात तरी." जाऊ हसली. थोरली हसली नव्हती.

आप्पांना मशिनांचा राग नव्हता. उलट, मशीन चालू असलं की ते शांत पडून असायचे. सून मागे गॅलरीत आहे, कामात आहे, म्हणजे घरात आहे. मशीन थांबलं की लगेच हाक, "सूनबाई! कुठे आहेस?" आधी पाणी, मग उशी, मग खिडकी उघड, मग खिडकी लाव. नुसते नाकी नऊ. हळूहळू थोरलीच्या ध्यानात आलं की गोल काचेच्या मशीनला गरम पाण्याचा लांब फेरा लावला की आपल्याला कुणी हाक मारत नाही. मग ती मशीन लावून, दाराला बाहेरून कुलूप घालून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायला लागली. पुढे जरा लांबच्या दुकानात. चोरी केल्यासारखी जायची, आणि मशीन पाणी उपसायच्या आत धापा टाकत परत यायची.

एक दिवस तिला पट्टे आणि रबरी कडी विकणाऱ्या दुकानदाराचा फोन आला. हा माणूसही तिच्यासारखाच वेडा. "ताई, ते जुनं वसतिगृह पाडतायत. तिथल्या धुलाईघरात कपडे वाळवायचा ड्रायर आहे, आपल्या जन्माच्या आधीचा. चालू आहे! दुपारी भंगारवाला यायच्या आत येऊन बघा."

वसतिगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला. थोरलीने जावेला फोन लावला, तर जावेचं डोकं दुखत होतं. जावेचं डोकं नेहमी वेळेवर दुखतं. मग थोरलीने आप्पांचं जेवण उरकलं, त्यांच्या उशाशी पाणी ठेवलं आणि मशीन भरायला घेतलं.

आणि इथे तिने ती चूक केली. साध्या चादरींचा आवाज पुढच्या खोलीत नीट पोचत नाही, म्हणून तिने आत एकच मोठं ब्लँकेट घातलं. ब्लँकेट भिजलं की धपाधप आपटतं, आप्पांना चांगलं ऐकू येईल. अगं बाई, एकटं ब्लँकेट पिळताना गोळा होऊन एका अंगाला बसतं आणि अख्खं मशीन नाचायला लागतं, हे तुला शिकवायला हवं का? तिला माहीत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने चार शब्द सुनावले असते. पण त्या दिवशी तिला कपडे धुवायचे नव्हतेच, तिला आवाज हवा होता.

ड्रायर खरंच देखणा होता. पांढरा, पोटाला गोल दार, दाराला पितळी मूठ. दुकानदाराने तो सुरू करून दिला. थोरलीने दार किलकिलं केलं तशी आतली ऊब तिच्या तोंडावर आली आणि कारण नसताना तिचे डोळे भरून आले.

"नेताय ना? टेम्पो सांगू?" दुकानदाराने विचारलं.

"नको हो," ती म्हणाली. "क्वार्टरच्या दोन खोल्या आहेत, तिथे हा कुठे मावणार? आप्पांचा पाय सुधारतोय. या वर्षी जाईनच मी." हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं की तिचं तिलाच खरं वाटलं. परत येताना बसमध्ये ती क्वार्टरच्या खिडक्यांना पडदे कसले लावायचे ते ठरवत होती.

कुलूप काढलं तर घर गप्प. हाक नाही की काही नाही. चपला काढायचंही तिला सुचलं नाही. तशीच गॅलरीत धावली. मशीन नाचत नाचत दारापर्यंत येऊन तिरकं उभं राहिलं होतं. पाण्याची नळी निसटली होती. नळ मात्र बंद होता. वरच्या बोर्डावरचं बटण बंद, टाचा उंचावल्याशिवाय तिचाही हात तिथे पुरत नसे. फरशी पुसलेली. फडकं पिळून कठड्यावर टाकलेलं. आणि गॅलरीपासून पुढच्या खोलीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे, डावं उजवं, डावं उजवं, एकसारखे. कुठे फरफट नाही की काही नाही.

आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने पायावरची चादर उचलली. दोन्ही तळवे ओले होते.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

आप्पांनी चादर परत पायावर ओढून घेतली.

"आप्पा, मी विचारतेय, केव्हापासून चालताय?"

"पाणी आत येत होतं," आप्पा पुटपुटले. "जाजम भिजलं असतं."

"जाजम गेलं खड्ड्यात!" आठ वर्षांत ती पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडली. "रोज सकाळी मी तुमच्या पायाशी बसते! माझं सगळं वय गेलं या खोलीत. मूल नाही, बाळ नाही. आणि तुम्ही चालताय?"

आप्पा उठून बसले. कुणाचा आधार न घेता बसले, आता लपवायचं काय राहिलं होतं! "मी चालतो म्हटलं असतं तर तो तुला घेऊन गेला असता गं. दुसऱ्या दिवशी घेऊन गेला असता. मग मी इथे एकटा काय केलं असतं? धाकटा मला ठेवून घेणार आहे का? तूच सांग."

धाकट्याला ती ओळखून होती. तिला आप्पांची दया आली आणि दया आली म्हणून आणखीच संताप आला. तिने फोन उचलला. रविवार नव्हता, कारखान्याची वेळ होती, तरी तिने नवऱ्याला लावला. आप्पांनी हात जोडले, तिकडे तिने बघितलं नाही.

"अहो, ऐका. आप्पा चालतात. नीट चालतात. आज माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

पलीकडे मशिनांची घरघर होती.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "मागच्या खेपेलाच कळलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"बोलून काय करायचं? चाललंय ना सगळं व्यवस्थित. आप्पांना सोबत आहे, मला इथे एकट्याची सवय झालीय. आणि तुला करमायला तुझी ती मशिनं आहेत की." मग जरा थांबून, "ठेवू का? साहेब आलेत."

थोरली फोन हातात धरून उभी राहिली. पलंगाच्या कडेला आप्पा अजून हात जोडूनच बसले होते.

"काय म्हणाला गं? केव्हा येतोय न्यायला?" त्यांनी विचारलं. घाबरले होते बिचारे.

"काही नाही," ती म्हणाली. "आप्पांचा पाय सावकाश बरा होऊ दे म्हणाले. घाई नाही."