महालक्ष्म्यांना ऑइल पेंट

जानेफळहून मी पहिल्यांदा निघालो तो महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. पुण्यात नोकरी लागली होती. स्टँडवर दादा माझी बॅग धरून उभा होता, आई फुलोऱ्यातल्या करंज्या पिशवीत कोंबत होती आणि एसटीचा ड्रायव्हर काही केल्या चहा संपवीना. गाडी हलली तेव्हा आई खिडकीपाशी येऊन म्हणाली, "दिवाळीले नाही जमलं तं नको येऊ. महालक्ष्म्यायले मात्र ये बापा." मी हो म्हटलं. एवढीशी तर अट होती.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे पुण्यात, बंगलोरात नाहीतर त्याही पलीकडे जाऊन बसलेल्यांनो, ती अट मी आजवर पाळली आहे. आणि दर वर्षी डोकं फिरवून घेऊन परतलो आहे.

त्याचं असं झालं की पुण्यात मला जुन्या लोककलेच्या वस्तू जमवायचा नाद लागला. सुरुवात बस्तरच्या एका पितळी घोड्यापासून झाली. मग राजस्थानची कावड आली, कप्पे उघडत उघडत गोष्ट सांगायची ती लाकडी पेटी. जावा बेटावरच्या चामडी बाहुल्या आल्या, रंग उडालेली जपानी ठकी आली. मेक्सिकोचा एक मुखवटा आहे, त्याचं नाक किडीने खाल्लंय आणि मी ते नाक लोकांना कौतुकाने दाखवतो. आमच्या नादिष्टांत एक शब्द फार पवित्र आहे, पॅटिना. वर्षानुवर्षांच्या हातांनी, धुराने, तेलाने वस्तूवर चढलेली कांती. ती घालवली की वस्तू संपली. त्यामुळे आमच्या फ्लॅटमध्ये त्या कपाटाला फडकं लावायची बायकोला मनाई आहे. तिला हे वेड मुळीच पटलेलं नाही.

घरी येणारा प्रत्येक जण सगळं बघून झाल्यावर विचारतो, "आणि तुमच्या भागातलं काय?"

माझ्या भागातलं काही नाही. कारण आमच्या घरात जुनं काही जुनं राहूच देत नाहीत. बैलांच्या घुंगरमाळा मोडीत गेल्या. आजोबांच्या कोरीव देव्हाऱ्याला दादाने सनमायका ठोकला आणि मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, मस्त झाला. उरले ते फक्त महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. भाजक्या मातीचे, पणजीच्याही आधीचे. कनिष्ठेचा एक गाल जरा जास्त भरलेला, जणू तोंडात काहीतरी आहे. असे चेहरे मी कुठल्या प्रदर्शनात पाहिलेले नाहीत. आणि या चेहऱ्यांना दर भाद्रपदात, देवी यायच्या आधी, वहिनी ऑइल पेंट लावते. दाराला लावतात तोच. एका वर्षी पिवळा, एका वर्षी बदामी. गेल्या वर्षी चक्क गुलाबी, कारण गेट रंगवून उरला होता.

कनिष्ठेच्या कानामागे एक टवका उडालाय. तिथे सगळे थर दिसतात आणि अगदी तळाशी हळदीसारखा जुना रंग आहे. एका वर्षी मी वहिनीला तो बोट लावून दाखवला. ती म्हणाली, "हाव न भाऊजी, किती कळकट होत्या. बरं झालं रंगवल्या." मी पॅटिना समजावून सांगायला लागलो, तर दादा म्हणाला, "लेकी तीन दिवस माहेरी येतात. त्यायले कळकट तोंडानं बसवशीन का बे?" पुढच्या वर्षी मी पुण्याहून नैसर्गिक रंग नेले. ते अंगणातल्या रांगोळीत गेले. छान उठून दिसले म्हणे.

यंदा मी ठरवूनच गेलो. बॅगेत बबल रॅपचा गुंडाळा होता, पुण्याच्या भिंतीवर मेक्सिकोच्या शेजारची जागा मोकळी करून ठेवली होती. पूजनाची जेवणं आटोपल्यावर विषय काढला. मुखवटे मला द्या, मी जपतो, तुम्हाला नवे फायबरचे आणून देतो. भांडणाची पूर्ण तयारी होती.

दादा सुपारी कातरत म्हणाला, "ने ना. पण मंग महालक्ष्म्या उभ्या तुलेच करा लागतीन."

आमच्या घराण्यात दोन जोड्या चालत नाहीत. जुने मुखवटे ज्याच्या घरी, महालक्ष्म्या त्याच्या घरी, आणि बाकी सगळ्यांनी जेवायला तिकडे जायचं. वहिनी तर खूशच झाली. पुरण घाटून घाटून तिचे खांदे गेलेत. "तिथं सोळा भाज्या भेटतात न?" म्हणून तिने विचारूनही टाकलं. मला राग आला. इतकी वर्षं ज्यासाठी डोकं फोडलं ते यांनी असं सहज हातावर ठेवावं?

आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "अन् मंग तू जानेफळले कायले येशीन?"

तक्रार नव्हती. गाडी किती वाजताची आहे असं विचारावं, तसं विचारलं. दिवाळीत आम्ही बायकोच्या माहेरी असतो. उन्हाळ्यात पोरांचे क्लास. शेत दादा बघतो, माझं तिथे काही अडत नाही. मला गावी ओढून नेणाऱ्या या दोघीच, आणि त्यांनाच मी काचेच्या कपाटात घालायला निघालो होतो. वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा वैतागही आला.

विसर्जन झालं. आईने मुखवटे तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवले. बबल रॅप वहिनीने चिनी मातीच्या बरण्यांसाठी ठेवून घेतलं. निघताना म्हणाली, "भाऊजी, पुढल्या साली भुवया तुमीच काढा. तुमाले त्यातलं समजते."

तर आता भिंतीवरची जागा रिकामीच आहे. परवा एकाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तुमच्या भागातलं काय? मी म्हटलं, आहे, पण ते अजून वापरात आहे. माझं घर म्हणजे आता एवढंच, जिथलं मला उचलून आणता येत नाही आणि जिथे म्हणूनच जावं लागतं.

काल भुवयांसाठी काळा रंग आणायला गेलो. न चमकणारा, मॅट मिळत होता. दुकानातूनच वहिनीला फोन लावून विचारलं, चालेल का. ती म्हणाली, "चमकत नाही तो कायले आणता? माहेरी येऊन राह्यल्या न त्या." मी चमकणारा घेतला.