नवलभाऊंचा विस्तव

नवलभाऊ गोवरी कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवून पाहत. वाळलेली गोवरी टणक वाजते, आत ओल राहिली असेल तर आवाज बसतो. गावजेवणासाठी घरोघरून गोवऱ्या जमा झाल्या की ते एकेक वाजवून दोन ढीग करत, आणि ज्याच्या घरची ओली निघाली त्याला सगळ्यांसमोर परत नेऊन देत. कोणी रागावत नसे. आमच्या कोरीट गावात भंडारा असो, लग्न असो की तेराव्याचं जेवण, बट्टीचा खड्डा नवलभाऊंचा. जाडसर दळलेल्या गव्हाचे गोळे त्या विस्तवात किती वेळ ठेवायचे, कधी फिरवायचे, कधी राखेखाली दाबायचे, हे त्यांनाच कळे. बट्टी फोडली की आत कापसासारखी मऊ, आणि तूप ओतलं की पिऊन घेणारी.

ते माझ्या यजमानांचे लांबचे चुलतभाऊ. आठ बिघे जमीन, दोन खणांचं घर, बायको तापीबाई आणि एक मुलगी दगू. एक खांदा जरा उतरलेला, बोलणं कमी. पंचांच्या बैठकीत त्यांना कोणी काही विचारत नसे. पण खड्ड्याजवळ ते उकिडवे बसले की पाटलालासुद्धा दोन पावलं मागे उभं राहावं लागे. त्यांना गावात मान होता तो एवढाच, आणि तो मी घालवला. हे गावात कोणाला ठाऊक नाही.

१९३८ साली माझ्या यजमानांना मूतखड्याचा त्रास फार वाढला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. मी भुसावळला वाढलेली, वडील रेल्वेत. तिथे नन्सच्या शाळेत मी इंग्रजी सातवीपर्यंत शिकले होते. त्यामुळे डॉक्टरांशी बोलायला मी, आणि घरातला पुरुष माणूस म्हणून नवलभाऊ, असं सासूबाईंनी, जसोदाबाईंनी ठरवलं. सुरतेला गाडी बदलून आम्ही मुंबईला उतरलो. भायखळ्याच्या बाजूला एक मोठं इस्पितळ होतं, तिथे यजमानांना दाखल केलं. जवळच्या धर्मशाळेत एक खोली मिळाली. नवलभाऊ बाहेर ओट्यावर झोपत.

घरून आणलेल्या दशम्या चार दिवस पुरल्या. मग कोपऱ्यावरच्या भोजनालयात जेवायला लागलो. अकरा फेब्रुवारीला, शुक्रवारी, सकाळी शस्त्रक्रिया झाली. बारा वाजता डॉक्टर बाहेर आले आणि सगळं ठीक झालं म्हणाले. आम्ही दोघांनीही आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. भोजनालयाला कुलूप होतं. मालकाच्या घरी कोणी वारलं होतं.

शेजारीच केळीवाला बसला होता, चणे-कुरमुरेवाला होता. नवलभाऊ केळी घेऊ का म्हणून विचारत होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी स्वतःशी पुष्कळदा म्हटलं की उपाशी माणसाने काय करायचं. उपाय होता. पण मला वास आला होता.

गल्लीच्या तोंडाशी एका चिनी माणसाचं खाण्याचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळच. एका बाजूला भली मोठी लोखंडी कढई, समोर लांब फळी, फळीला लागून उंच स्टुलं. गोदीतले कामगार, खलाशी, एकदोन चिनी म्हातारे तिथे बसून कटोऱ्यातून भराभर खात होते आणि उठत होते. दुपारच्या वेळी तिथली गर्दी रस्त्यावर येई. तो वास मला ओळखीचा होता. शाळेत रविवारी सिस्टरांच्या स्वयंपाकघरातून असाच वास यायचा आणि आम्हा मुलींना तिकडे जायची मनाई होती. सात वर्षं मी तो वास घेतला होता. शिवाय त्या रस्त्यावर मला ओळखणारं कोणी नव्हतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी सांगणारं कोणी नव्हतं. यजमान वाचले होते. मला फार हलकं वाटत होतं.

मी म्हटलं, "इथेच खाऊ. स्वच्छ दिसतंय."

नवलभाऊ पाटीकडे बघत उभे राहिले. काळ्या पाटीवर खडूने इंग्रजीत तीन ओळी होत्या. त्यांनी विचारलं, "वहिनी, पाटीवर काय लिखेल शे?"

पहिल्या ओळीत भात होता, दुसरीत शेवया. दोन्हींच्या पुढे डुकराच्या मांसाचा शब्द होता, आणि तिसऱ्या ओळीत नुसतं त्याचंच नाव. मी तिन्ही ओळी वाचल्या. माझं वाचन शाळेपासून चांगलं.

"भात आणि भाजी," मी म्हटलं.

आमच्या घराण्यात अंडंसुद्धा चालत नाही. नवलभाऊ तर एकादशीला कांदा-लसणाच्या भांड्यातलं पाणीही पीत नसत. ते माझ्या शब्दावर स्टुलावर चढून बसले.

कटोरे आले. बाकीचे लोक दोन काड्यांनी खात होते, आम्हाला पत्र्याचे चमचे दिले. नवलभाऊंनी चमचा बाजूला ठेवला, लोट्यातल्या पाण्याने हात धुतला आणि हाताने भात कालवायला घेतला. दोन खलाशी त्यांच्याकडे बघून हसले. मी तेव्हा काय केलं, तर माझा कटोरा उचलला आणि एक स्टूल सोडून पलीकडे बसले. चमच्याने, शाळेत शिकवलं होतं तसं, ताठ बसून खाऊ लागले.

भातात कोबी होता, कांद्याची पात होती आणि तपकिरी तुकडे होते. नवलभाऊंनी एक तुकडा बोटांत धरून पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, अळंबी. पावसाळ्यात डोंगरातल्या बाया टोपलीतून विकायला आणतात तीच, इकडे वाळवून ठेवतात. त्यांना ते पटलं. म्हणाले, आपण उगाच ती इतकी वर्षं घेत नव्हतो.

मग ते खाणं विसरून आचाऱ्याकडे बघत बसले. तो कढई एका हाताने उचलून आतलं सगळं वर उडवी आणि पुन्हा झेली. विस्तव कढईच्या कडेवर चढून येई. आपल्याकडे विस्तव दाबून धरतात, हा मोकळा सोडतो आणि तरी काही करपत नाही, असं नवलभाऊ मला सांगत होते. ते उठून कढईजवळ गेले. त्या चिनी माणसाने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, यांनीही हलवली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तेवढ्या वेळात मी माझा कटोरा पुढे केला आणि दुसऱ्यांदा भरून घेतला.

दुपारी इस्पितळाच्या बाकावर बसून मी डायरी लिहिली. रोजची डायरी लिहायची सवय मला सिस्टरांनी लावली होती. घडलं तेवढंच लिहायचं आणि खोडायचं नाही, एवढे दोनच नियम. ती डायरी आता माझ्यासमोर आहे. त्या तारखेला लिहिलं आहे: "शस्त्रक्रिया सुखरूप. दुपारी मी केळी घेतली. नवलभाऊ बाहेर जेवले." तेव्हा मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. कोणी विचारेल असंही वाटलं नव्हतं. तरी हात आपोआप तसा चालला.

चैत्रात गावात हनुमान जयंतीचा भंडारा होता. नवलभाऊ खड्ड्याजवळ बसून बट्ट्या फिरवत होते आणि भोवती माणसं होती. कधी न बोलणारे नवलभाऊ त्या दिवशी मुंबईच्या चिनी आचाऱ्याची गोष्ट सांगू लागले. कढई कशी उडवतो, विस्तव कसा मोकळा सोडतो, अळंबी कशी लागते. सांगताना हात करून दाखवत होते. त्यांच्या मनात काही असतं तर ते बोललेच नसते.

ऐकणाऱ्यांत भटू होता. तो दोन वर्षं मुंबईच्या गोदीत राहून आलेला. तो हसत हसत म्हणाला, "नवल, ती अळंबी चार पायवर चालस रे भो." लोक आधी हसले. मग हळूहळू गप्प झाले. खड्ड्यात दीडशे माणसांच्या बट्ट्या होत्या.

त्या दिवशी त्या बट्ट्या कोणी खाल्ल्या नाहीत. गुरांपुढे टाकल्या. संध्याकाळी आमच्या ओसरीवर पंच बसले, कारण मुंबईला नवलभाऊ आमच्या कामाला गेले होते. सासूबाईंनी मला दाराआड बोलावून विचारलं, "तू बी व्हतीस ना?" मी म्हटलं, मी केळी खाल्ली. डायरीत लिहिलंय, आणून दाखवू का? त्या म्हणाल्या, नको. माझ्या डायरीवर घरात सगळ्यांचा विश्वास होता.

बाहेर नवलभाऊंना विचारणं चाललं होतं. ते भिंतीला टेकून खाली बसले होते. डुकराचं आहे हे ठाऊक होतं का, विचारलं. नाही म्हणाले. मग भाजी आहे असं कोणी सांगितलं? दाराच्या फटीतून मला ते दिसत होते. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं.

"कोणी नही. मीच समजी लिधं."

"आणि रतिलालची बायको?" पंचांनी माझ्याबद्दल विचारलं.

"वहिनीनी एक शीत बी तोंडमा टाकं नही. त्या भाहेर उभ्या व्हत्यात."

दार माझ्या हाताशी होतं, नुसतं ढकलायचं होतं. मी कडी धरून उभी राहिले आणि ते सगळे उठून जाईपर्यंत तशीच राहिले.

पंचांनी त्यांना प्रायश्चित्त दिलं. तापी नदीवर स्नान, पंचगव्य आणि पाच ब्राह्मणांना शिधा. ते त्यांनी केलं. त्यानंतर पंगतीत बसायला हरकत नव्हती, मात्र शेवटच्या पंगतीत. आणि गावाच्या खड्ड्याला हात लावायचा नाही. खड्डा मगनकडे गेला. मगन स्वभावाने चांगला, पण घाई करायचा. त्याच्या बट्ट्या वरून करपलेल्या आणि आत चिकट. लोक तूप जास्त घालून खात.

भंडाऱ्याच्या दिवशी नवलभाऊ आपल्या अंगणात बसून लांबून धूर बघत. एकदा मी तापीबाईंकडे गेले असताना ते धुराकडे बघून म्हणाले की उत्तरेकडच्या बाजूला गोवऱ्या ओल्या आहेत, तिकडच्या बट्ट्या फसणार. फसल्या. ते उठून सांगायला गेले नाहीत, आणि कोणी विचारायलाही आलं नाही. मला मात्र ते पहिल्यासारखेच वहिनी म्हणत. त्या गोष्टीचा त्यांनी कधी शब्द काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांच्या घरी तूप, नवे गहू, दगूला लुगड्याचं कापड पाठवत राहिले. ते परत करत नसत, म्हणून मी आणखी पाठवी.

सहा वर्षांनी, १९४४ च्या वैशाखात दगूचं लग्न निघालं. मुलगा ब्राह्मणपुरीचा. नवलभाऊ म्हणाले, माझ्या मुलीच्या लग्नाची बट्टी मीच भाजणार, ज्याला खायची नसेल त्याने घरून डबा आणावा. तापीबाई रडल्या, पण ते ऐकले नाहीत. स्वतःच्या अंगणात स्वतःचा खड्डा खणला.

पंगत बसली. पत्रावळी वाढल्या. व्याही मंडळींसमोर गावाचा तमाशा नको म्हणून आमची माणसं येऊन बसली होती, पण हात कोणाचा हलत नव्हता. व्याही आमच्या लोकांकडे बघू लागले. दगू मुंडावळ्या बांधून दारात उभी होती. तेव्हा मी बायकांच्या पंगतीतून वाकून बट्टी उचलली, फोडली आणि वरणात चुरून घास घेतला. मोठ्या घरची सून खाते म्हटल्यावर शेजारच्या भिकुबाईने खाल्लं, मग सगळ्यांनी. भिकुबाई मोठ्याने म्हणाली, "घर मोठं, तितलंच मन बी मोठं." बायकांनी माना हलवल्या. माझ्या तोंडात घास होता. तो गिळून मी दुसरा घेतला.

नवलभाऊ तुपाचं भांडं घेऊन आले. माझ्या पत्रावळीवर तूप ओतताना ते वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. त्या चिनीनं बरं व्हतं, का मन्हं?"

मी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आचाऱ्याला वाटते तशी उत्सुकता होती, आणि कोपऱ्यात थोडं हसू.

"तुमचं, नवलभाऊ," मी म्हटलं. हे खरं होतं.

"मंग झायं," असं म्हणून ते पुढच्या पत्रावळीकडे गेले.

त्यानंतरच्या भंडाऱ्याला गावाने त्यांना पुन्हा खड्ड्यावर बोलावलं. मगननेच जाऊन आणलं. १९४९ च्या थंडीत नवलभाऊ न्यूमोनियाने गेले तोपर्यंत खड्डा त्यांच्याकडेच होता. पण मधली सहा वर्षं गेली ती गेली. यजमान १९६१ साली वारले, त्यांनाही मी हे सांगितलं नाही.

आणि गेल्या महिन्यात गावच्या भंडाऱ्यात तरुण मंडळींनी माझा सत्कार केला. एका शिक्षकाने भाषणात सांगितलं की चव्वेचाळीस साली या माउलीने जुन्या समजुती मोडून बहिष्कृत माणसाच्या हातचा पहिला घास घेतला. टाळ्या झाल्या. दगू आता म्हातारी झाली आहे, ती ब्राह्मणपुरीहून मुद्दाम आली होती. तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी शाल घेतली, खांद्यावर टाकून घरी आले.

ती शाल घडी करून ठेवली आहे. हे लिहून झालं की दगूला वाचून दाखवायचं आहे. तिला इथे बोलावणार नाही, मीच ब्राह्मणपुरीला जाईन. नातू परवा गाडी घेऊन येतो म्हणाला आहे. शाल तिच्यापुढे ठेवीन. तिने ठेवून घेतली तर तिची, आणि मला हाकलून लावलं तर तेही बरोबर.

त्या दिवसाच्या पानावर जागा उरलेली नाही, आणि खोडायचं नाही हा नियम आहे. म्हणून इथे लिहिते. ११ फेब्रुवारी १९३८, शुक्रवार. शस्त्रक्रिया सुखरूप. दुपारी चिनी माणसाच्या दुकानात जेवले. पाटी मी वाचली होती. दोन कटोरे खाल्ले.