डिग्रीवाले नाना

आमच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी नाना कॅनचं झाकण उघडायच्या आत म्हैस कुणाची, तिनं काय खाल्लं आणि मालकीण सकाळी सासूशी भांडली का, हे नुसत्या वासावर सांगत. पालीपासून केजपर्यंत असं नाक दुसरं नव्हतं. केजच्या पुढे मी चौकशी केलेली नाही.

पण नानांचा स्वतःच्या नाकावर काडीचा भरवसा नव्हता. दुधात पाणी आहे का हे बघायची काचेची नळी, गाव तिला 'डिग्री' म्हणे, ती जास्त बुडाली तरी ते दूध परत करत नसत. "हिनं संशय सांगितला. निकाल फॅटची तपासणी देती." दुष्काळात चारा छावणीतल्या जनावरांचं दूध पातळ झालं. रांगेतल्या एकानं माझ्या आईवर आळ घेतला, तर नाना गरजले, "टँकर आठ दिसाला येतो. प्यायला पाणी न्हाई, ती दुधात कुठून घालंल बे?"

त्याच साली, माझ्या बाविसाव्या वर्षी, संस्थेच्या तीन पायऱ्या चढताना मी अशी धापा टाकू लागले की लोक एसटी आली म्हणून पिशव्या उचलत. घरचे म्हणाले, आळस. मग पायरीवरच शुद्ध हरपली. शहरात हृदयाची सोनोग्राफी झाली. फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांत दाब वाढल्याची शक्यता आहे, नक्की कळायला शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी घालून मोजावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ही बातमी गावात पोचेपर्यंत मी महिन्याभराची सोबती झाले होते. आत्यानं तर रडून घेतलं. मीही म्हटलं, मरायचंच तर नळी कशाला?

नाना घरी आले. "दाब मोजला का अंदाज केला?"

"अंदाज."

"मग रडती कावून?"

"आन् खरंच निघालं तर?"

"तर औषध मिळंल. संशयाला कोण औषध देतं, पोरी?"

नळी घालायला नाना सोबत आले. मोजलेला दाबही जास्तच निघाला. डॉक्टर नेहमीप्रमाणे वडीलधाऱ्यांकडे बघून सांगू लागले. नानांनी हात वर केला. "सायब, काळीज तिचं हाय. तिच्याकडं बघून बोला." डॉक्टरांनी खुर्ची वळवली. आजार जन्मभराचा, पण गोळ्या आजपासून, मीठ कमी, जड उचलायचं नाही. माझ्याबद्दल कुणी माझ्याशी बोलायची ती पहिलीच वेळ. मी एवढे प्रश्न विचारले, की बाहेरची रांग जेवून परत आली.

बऱ्याच वर्षांनी नाना गेले. त्यांचं घर गावाच्या वरच्या अंगाला. त्यांच्या पुतण्यानं मला न्यायला मोटारसायकल काढली. मी नको म्हटलं. चढावर चार ठिकाणी थांबले.

पोचले.