चुकीच्या पायाचं प्लास्टर

आमचा कुत्रा हातरिक्षाच्या चाकाखाली आला तेव्हा मी आठवीत होते. बाबांची बँकेतून कलकत्त्याला बदली होऊन चार वर्षं झाली होती. आम्ही डमडमला राहायचो. शाळेमुळे माझी बंगाली माझ्या मराठीपेक्षा बरी झाली होती. आईची बंगाली मात्र दारावरच्या मासेवाल्याला नको म्हणण्यापुरतीच.

कुत्र्याचा पुढचा उजवा पाय मोडला होता. आई आणि मी त्याला टॅक्सीत घालून सियालदहजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. आतून डॉक्टरबाबूंचा आवाज येत होता, पण तो कुत्र्याबद्दल नव्हता. आदल्या दिवशीच्या फुटबॉल मॅचवरून ते कुणाशी तरी तावातावानं भांडत होते. अर्ध्या तासानं प्लास्टर घातलेला कुत्रा बाहेर आला, आम्ही फी दिली आणि घरी आलो.

तीन दिवस झाले तरी तो उजवा पाय वर धरून, प्लास्टरवाल्या डाव्या पायावर ठक ठक करत घरभर हिंडत होता. आईनं प्लास्टरवर बोटानं टकटक केलं, त्यानं शेपूट हलवली. उजव्या पायाला नुसता हात लावला, तर तो कळवळला.

"अहो, प्लास्टर दुसऱ्याच पायाला आहे!"

"डॉक्टर आहेत ते," बाबा पेपरातून म्हणाले. "आपलंच डावं-उजवं चुकत असेल."

आईनं इस्त्रीची साडी नेसली, कुत्र्याला उचललं आणि मला म्हणाली, "चल. मी मराठीत भांडणार, तू बंगालीत सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही."

दवाखान्यात गर्दी होती. पिशवीत मांजर घेतलेल्या एक आजीबाई, दोन म्हातारे गृहस्थ, त्यांतल्या एकाच्या मांडीवर कोंबडी. आई थेट डॉक्टरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"यांना विचार, मोडलेला पाय कुठला?"

मी विचारलं. डॉक्टरबाबू न बघताच म्हणाले, "प्लास्टर आहे तो."

"मग तो दुसरा पाय का धरून बसलाय?"

"बौदी," म्हणजे वहिनी, असं ते हसून आईला म्हणाले, "इलाज करणं आमच्या हातात. गुण येईलच याची गॅरंटी कुठलाच डॉक्टर देत नाही."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. आईच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"त्यांना सांग, मी गॅरंटी मागत नाही. मी पाय मागतेय. फी दिली ती मोडलेल्या पायासाठी. धडधाकट पाय आमचा घरीच होता."

हे बंगालीत सांगताना मला पहिलं हसू फुटलं. मी ते दाबलं, ते नाकातून आलं. आजीबाईंनी मांजराची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चालवून बघा ना एकदा!"

झालं. सगळ्यांनी बाकं मागे सरकवली. आईनं कुत्र्याला जमिनीवर सोडलं. सगळा दवाखाना आपल्याकडे बघतोय म्हणून तो इतका खूश झाला, की उजवा पाय सलाम केल्यासारखा वर धरून, ठक ठक करत त्यानं दोन फेऱ्या मारल्या. एक म्हातारे गुडघ्यांवर बसून वाकून बघू लागले. दुसरे म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही त्याला उताणा पाडला होता का? उताण्याचं डावं-उजवं उलटं होतं!" तेवढ्यात कोंबडी सुटली. कुत्रा ठक ठक करत तिच्यामागे, गृहस्थ कुत्र्यामागे. मी भिंतीला टेकून हसत खाली बसले. आई मात्र जागची हलली नाही. ती डॉक्टरांकडे बघत होती.

डॉक्टरबाबू खाली बसले, कुत्र्याला जवळ ओढलं आणि दोन्ही पाय बोटांनी चाचपले. त्यांचा चेहरा उतरला. ते उठून आईपुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "आमार भूल होयेछे." माझी चूक झाली, हे आईला मराठीत सांगावं लागलं नाही.

"लिहून द्या," आई म्हणाली.

त्यांनी खरंच लिहून दिलं, सहीनिशी. आईला ते वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग जुनं प्लास्टर कापलं गेलं आणि दोन म्हाताऱ्यांच्या देखरेखीखाली योग्य पायाला नवं बसलं. परत येताना टॅक्सीत आईला जे हसू सुटलं, ते थांबेचना. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. चारचौघात तोंडावर पदर धरणारी माझी आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खिदळत होती, आणि मी तिच्या मांडीवर लोळत होते.

पुढच्या रविवारी डॉक्टरबाबू न बोलावता पाय बघायला डमडमला आले. आईनं त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली. दुसऱ्यांदा वाढून घेताना ते बाबांना म्हणाले, "माझं चुकलं तर लोक रागावतात आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. मला कळतच नाही. परत येऊन सांगणाऱ्या या पहिल्याच."

बाबांनी हे आईला मराठीत सांगितलं. ती नुसतंच "हं" म्हणाली आणि त्यांच्या ताटलीत लिंबाची फोड ठेवली.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. पाय जरासा वाकडा राहिला, पण कुत्रा धावायला लागला, आणि पहिल्याच दिवशी मासेवाल्याची टोपली उलथून आला.