भरली बंडी, रिकामी बंडी

आमच्या लाइनीत खोल्या सहा आणि दुपारी ओट्यावर बसणाऱ्या बायका दहा. तांदूळ निवडता निवडता एकीनं किस्सा काढला की दुसरीला तिचा आठवायचा. सुपातले खडे संपायचे, किस्से काही संपायचे नाहीत. त्यातले निम्मे माझ्या घरचे असत. म्हणजे माझ्या घरच्या मांजरीचे! इतकी वर्षं झाली, तरी सरकीचं नाव निघालं की माझ्या पोटात थोडं दुखतंच. खोटं कशाला बोलू?

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या हंगामातली ही गोष्ट. आम्ही पिपरी मेघेला राहायचो. आमचे हे वर्ध्याला एका जिनिंगमध्ये काटाबाबू होते. कापसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर घ्यायची, कापूस उतरला की तीच बंडी रिकामी तोलायची, आणि वजाबाकी करून चिठ्ठीवर मालाचं वजन लिहायचं, हे त्यांचं काम. दिवसभर आकडे बोलून झाल्यावर घरी बोलायला शब्दच उरत नसत. अकरा वर्षांच्या संसारात "जेवली का?" असं त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी हे पिशवीतून मांजर घेऊन आले. सरकीच्या ढिगात सापडली म्हणून नाव सरकी. पांढरी, आणि अंगावर नुसती हाडं. जिनिंगच्या कुत्र्यांनी तिला असं काही पिटाळलं होतं की आमच्या घरी आल्यावर तिनं दाराबाहेर पाऊल म्हणून टाकलं नाही.

हे तिच्यासमोर जमिनीवर बसले, मान वाकवली आणि विचारलं, "जेवली का व तू?"

माझ्या हातातला पोळी उलटायचा सराटा हातातच राहिला!

शेजारच्या कमळाकाकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "सुमन, तुही सवत आली पाय घरात!"

*

सवत पण साधी नव्हती. दूध दिलं, वास घेऊन तोंड फिरवलं. दुधात पोळी कुस्करली, ती तशीच सुकली. वरणभातावर तूप सोडलं, तर पंजा लागला म्हणून तिनं तो झटकला. आमच्या घरचं अन्न बाईसाहेबांना चालत नव्हतं!

मग यांनी रविवारच्या बाजारातून मासळी आणली. स्वतःचं ताट कधी मोरीत नेऊन न ठेवणारा माणूस, पण एकेक काटा काढत बसला आणि बोटानं तिला भरवायला लागला. मला त्यांनी घास भरवला तो लग्नात, तोही फोटोवाला ओरडला म्हणून!

सरकीनं दोन घास खाल्ले, तिसरा हुंगून सोडून दिला. यांनी उरलेला तुकडा स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ जास्त झालं काय व?"

अकरा वर्षं माझ्या हातचं खारट, अळणी सगळं मुकाट जेवले होते. म्हणजे मिठाची चव यांना कळत होती तर!

*

शेवटी सरकीला जनावरांच्या दवाखान्यात नेली. बाहेर बैलांची रांग. डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "बैल कुठं बांधला?"

यांनी टेबलावर पिशवी उघडली. डॉक्टरांनी आधी पिशवीत बघितलं, मग यांच्याकडे.

पण डॉक्टर भले होते. म्हणाले, "एकदम वाटीभर वाढू नका. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं आणि कोमट करून द्या. उकडलेली कोंबडी, अंड्यातलं पिवळं. ती खात असताना आसपास गडबड नको. दर आठवड्याला वजन करा."

हे दिवसभर जिनिंगला, म्हणजे चार वेळा स्टोव्ह पेटवायचा कोणी? मी! आणि गडबड नको म्हणून तिला वाढून खोलीबाहेर बसायचं कोणी? तेही मीच!

कमळाकाकूंनी विचारलं, "काऊन व, बाहीर काऊन बसली?"

"आत पंगत बसली आहे ना काकू!"

*

वजनाची वेगळीच गंमत. सरकी एकटी काट्यावर थांबेना, यांनी धरली की ओरबाडायची. माझ्याजवळ मात्र गप्प राहायची. मग यांनी आपली रीत काढली. रविवारी सामसूम जिनिंगमध्ये पोती तोलायच्या काट्यावर मी सरकीला घेऊन उभी राहायची, मग तिला सोडून एकटी उभी राहायची. वजाबाकी झाली की वजन जुन्या डायरीत. तीन खाने होते: भरली, रिकामी, माल.

चौकीदारानं एकदा विचारलं, "बाबू, वयनीले काऊन तोलून राह्यले?"

हे डायरीतून मान वर न काढता म्हणाले, "ते बंडी हाये. माल तिच्या हातात हाये."

मी बंडी! आणि ती पावणेदोन किलोची चिपाड माल!

*

एका रविवारी माल एकदम किलोभर वाढला. यांनी सगळ्या लाइनीला पेढे वाटले. आमच्या लग्नानंतर यांचा एवढा फुललेला चेहरा कोणी पाहिला नव्हता.

संध्याकाळी मला आठवलं. चौकीदाराच्या बायकोनं मला किलोभर तुरीची डाळ दिली होती. पहिल्यांदा काट्यावर चढले तेव्हा ती माझ्या पदराच्या ओटीत होती, दुसऱ्यांदा चढताना मी ती पायरीवर ठेवली होती. यांनी पेढे वाटले ते तुरीच्या डाळीचे!

आठवडाभर मी गप्प बसले. खरं सांगते, बरंच वाटत होतं मला. पण पुढच्या रविवारी वजन उतरलं आणि हे दिवसभर उपाशी राहिले, तेव्हा कबूल करावं लागलं.

हे रागावले नाहीत. म्हणाले, "बंडीवाले बी असंच करते. कापसात गोटे टाकते."

*

मग मी ठरवलं की हे "जेवली का" विचारत नाहीत तोवर जेवायचंच नाही.

पहिल्या संध्याकाळी हे आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "जेवली का व?"

"नाई!" मी इतक्या झटकन म्हणाले की पदर स्टोव्हवर जाता जाता वाचला. यांची नजर मात्र माझ्या पायाशी. तिथं सरकी बसली होती.

दुसऱ्या संध्याकाळी मी मोठ्यानं म्हटलं, "मले भूक नाई." यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दवाखान्यात जाऊ." काय संताप आला मला! जेवण विचारायचं नाही, थेट दवाखाना! "मले काय झालं? तुमच्या सरकीले न्या!"

तिसऱ्या दिवशी कमळाकाकूंनी घरी नेऊन झुणका-भाकर खाऊ घातली, तिथं उपोषण संपलं. पण गेलेली भूक काही परत आली नाही. पाटल्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ब्लाउज ढगळ शिवतो म्हणून मी शिंप्याशी भांडले. यांनी आणखी दोनदा दवाखान्याचं काढलं. मला लहानपणापासून सुईची धास्ती, आणि उत्तर तयारच होतं. "सरकीले न्या!"

*

हंगाम संपता संपता एक दिवस हे म्हणाले, "सरकीले दाखवून आणू. चाल."

सरकी तोवर साडेतीन किलोंची झाली होती. लोडाला टेकून बसायची, ती लोड कुठला आणि मांजर कुठलं कळायचं नाही. आणखी काय दाखवायचं होतं? पण यांच्याजवळ ती राहणार नाही, म्हणून मी रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि दवाखाना येईपर्यंत यांना मनसोक्त बोलून घेतलं. हे ऐकत होते.

डॉक्टरांनी सरकीच्या फासळ्या चाचपल्या आणि खुलले. "वा बाई, कमाल केलीत! हिला आता काही नको. आणलीत कशाला?"

यांनी खिशातून डायरी काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. ती मी पहिल्यांदाच आतून बघत होते. मालाच्या खान्यात साधी निळी शाई होती. मधल्या खान्यात, 'रिकामी'खाली, दर रविवारी लाल पेन्सिलीची रेघ. बावन्न. एक्कावन्न. एकोणपन्नास. शेहेचाळीस. शेवटी चव्वेचाळीस, त्याखाली दोन रेघा.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "अहो, हे तर बाईंचं वजन. मी जनावरांचा डॉक्टर आहे!"

"मालूम हाये साहेब," हे म्हणाले. "माणसाच्या डॉक्टरकडं ही येतच नाई. मांजरासाठी कुठंबी येते. तुमीच सांगा तिले."

डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "बाई, नीट जेवता का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "नाई जेवत जी. हंगामभर पाहून राह्यलो मी."