पाच जगांचा कुलूपराव

कवळ्या बनवायचं काम मोठं किचकट. मेणात एकेक दात रोवायचा, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायचा, चाकावर घासून चकचकीत करायचं, आणि ती कवळी ज्याच्या तोंडात जाणार त्याचं तोंड जन्मात बघायचं नाही. आमच्या कवळीवाल्याला यातलं शेवटचं फार आवडायचं. माणसं समोर आली की बोलतात, हसतात, डोकं खातात. साचे बिचारे गप्प असतात.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. काय बोलायची बाई! रडत आलेल्याला हसवून पाठवायची. मग घशात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजही काढून घेतला. तेव्हापासून तिच्या हातात एक पांढरी पाटी आणि पेन. ती लिहीत असायची तेव्हा हा एका पायात चप्पल घालून दारात उभा. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत "बरं बरं, कळलं" म्हणून पसार. शेवटी तीही कामापुरतंच लिहायला लागली. 'लाइट गेली.' 'दूध संपलं.'

एक दिवस त्यानं आपला जुना कॉम्प्युटर तिच्या खोलीत नेऊन ठेवला आणि इंटरनेटवरचा एक खेळ उघडून दिला. "ताई, यात एक नाव घ्यायचं आणि हिंडायचं. तुझा वेळ जाईल." आणि माझा वाचेल, हे मनातल्या मनात. कोणतं नाव घेतलंस, हे चार वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नाही.

तो स्वतः अशाच एका खेळात मुरलेला. अशी पाच जगं होती, पाच हौशी माणसांनी घरबसल्या चालवलेली. एकात डोंगर, एकात बेटं, एकात नुसता बाजार. प्रत्येक जगात खातं वेगळं. इथल्या माणसाला तिथे जाता येत नसे. कवळीवाल्याच्या डोक्यात आलं, ही जोडायची. एकच खातं, एकच नाव, आणि प्रत्येक जगाच्या टोकाला एक वेस. डोंगरातल्या वेशीतून पाऊल टाकलं की पाठीवरच्या पिशवीसकट बेटावर हजर. दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत, प्लॅस्टरनं पांढऱ्या झालेल्या बोटांनी त्यानं हे काम केलं. खोटं कशाला बोला, झकास केलं. पाचही मालकांनी खुश होऊन सगळ्या खात्यांची यादी त्याच्याच हवाली केली आणि नियमही त्यालाच करायला सांगितले.

झालं! गड्याच्या अंगात वारं शिरलं. एका जगातून हाकललेला माणूस पाचही जगांतून हद्दपार. त्याच्या घरातून पुन्हा नवं खातं निघायचं नाही. परत घ्यायचं तर पाचही मालकांचा होकार हवा.

बाजाराची मालकीण म्हणाली, "अहो, जरा अतीच कडक होतंय."

"माझा सख्खा बाप असला तरी सोडणार नाही," हा म्हणाला.

वेशी उघडल्या त्या रविवारी सकाळी हा खेळातल्या बाजाराच्या चौकात छाती फुगवून उभा, डोक्यावर खेळातलं नाव झळकतंय: चावीवाले. बेटांच्या वेशीतून पहिला बाहेर पडला तो एक नावाडी, बडबडे नावाचा. लोकांना होडीतून पलीकडे पोचवायचं आणि वाटेत हसवून बेजार करायचं, एवढाच याचा उद्योग. त्याच्या होडीसाठी माणसं रांग लावायची.

"नमस्कार, कुलूपराव!" बडबड्यानं सुरुवात केली. "वेस छान झालीय हो. आत यायला अर्ज करावा लागेल, की नुसत्या नमस्कारावर भागेल?"

सगळा चौक खदखदून हसला. कुलूपराव हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे रोजच बडबडे यायचा, याची खोडी काढायचा आणि दुसऱ्या कुणी याच्यावर तोंड टाकलं की त्यालाही गप्प करायचा. हे दुसरं याला कधी दिसलंच नाही.

एकदा बडबडे भर चौकात म्हणाला, "माझ्या ओळखीचा एक पोरगा होता. खेळण्यांच्या पेटीला कुलूप लावायचा, चावी हरवायचा आणि पेटीवर बसून भोकाड पसरायचा. मग त्याला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडवावं लागायचं. तेव्हा कुठे गप्प बसायचा."

चौक हसला. कवळीवाल्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. अरे गाढवा, ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती! पण विचार करायला डोकं थंड लागतं.

त्यानं त्याच दुपारी पाचही मालकांना खेळातच एका बाजूला बोलावून घेतलं. "हा चारचौघांत पाणउतारा करतो. हद्दपार करायचा."

"चेष्टा करतो हो. शिवी तर देत नाही," बाजाराची मालकीण म्हणाली.

"आज चेष्टा, उद्या शिवी. नियम म्हणजे नियम."

वाद घालून सगळे कंटाळले. "करा काय करायचं ते," म्हणाले आणि बघत बसले.

त्यानं यादी उघडली. प्रत्येक खात्यासमोर ते कुठल्या घरातून चालतं त्याची खूण होती. बडबड्याच्या नावासमोरची खूण त्यानं पाहिली. मग आपल्या नावासमोरची पाहिली. दोन्ही एकच.

भिंतीपलीकडून ताईच्या खोलीतली टकटक ऐकू येत होती. भराभर, न थांबता, एक्स्चेंजमध्ये बोलायची तशी.

पाच मालक थांबलेले. एवढंच म्हणायचं होतं: अहो, ही माझी बहीण, तिला वाचा नाही, राहू द्या. फार तर काय झालं असतं? आठ दिवस चौक हसला असता. एवढ्याशा हसण्याला भिऊन त्या नीच माणसानं बटण दाबलं.

टकटक थांबली. थोड्या वेळानं ताई पाटी घेऊन दारात आली. 'माझं काहीतरी बिघडलंय. बघतोस?'

"सगळ्यांचंच बंद आहे," तो तोंड न वळवता म्हणाला.

मग ताई रोज सकाळी आंघोळ करून, केस विंचरून त्या बंद पडद्यासमोर बसायची. दर तासाला एकदा नाव घालून बघायची. नवव्या दिवशी तिनं केस विंचरले नाहीत. तेव्हा कुठे याला पाझर फुटला. त्यानं मालकांना विनवलं, बडबड्याला परत घेऊया. तीन जण हो म्हणाले, एक म्हणाला बघू. बाजाराची मालकीण म्हणाली, "सख्खा बाप असला तरी सोडणार नव्हतात ना? मग आता हा कोण लागून गेला?" तेव्हाही या माणसाच्या तोंडून 'बहीण' एवढा शब्द निघाला नाही.

शेवटी त्यानं स्वतःचं खातं उघडलं आणि ताईला खुर्चीवर बसवलं. "घे, माझ्या नावानं बोल. पाचही जगं तुझीच."

ताईनं पडद्यावरचं 'चावीवाले' हे नाव वाचलं. त्याच्याकडे वळून बघितलं नाही. सरळ बेटावरच्या धक्क्यावर गेली. वीसेक माणसं होती, सगळी तिच्या रोजच्या होडीतली. तिनं लिहिलं, "काय मंडळी, आज होडी कुणी सोडतंय, की मीच वल्हं मारू?"

"हा आला बघा," कुणीतरी म्हणालं. "बडबड्याला यानंच हाकललं."

तिनं ते वाचलं. मागे उभ्या भावानंही वाचलं. तिनं आणखी एक ओळ लिहिली, मग आणखी एक. त्या नावाला कुणी उत्तर दिलं नाही. एकेक करून माणसं वेशीतून निघून गेली आणि धक्क्यावर ती एकटी राहिली.

ताईनं कॉम्प्युटर बंद केला आणि पाटी मांडीवर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा कवळीवाला तिच्या समोर बसला, अनवाणी, पाटी भरेपर्यंत वाचायच्या तयारीनं. "लिही ताई. हवं ते लिही. शिव्या घाल."

तिनं पेनाचं टोपण काढलं, जरा विचार केला आणि लिहिलं, 'दूध संपलं.'